बूस्टला ‘नाही’ कोण म्हणतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांत इंजिनिअरिंगची पोरं बरीच असतात. माल बहुतेक मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी वापरून सोडलेला असतो. अशा मशीनवर उबंटू, मिंट किंवा फेडोरा यांपैकी एखादं लिनक्स टाकलं की बऱ्याचदा आठवड्याभरात एक तक्रार येते : ‘प्रोसेसरवर ३.४ लिहिलंय, पण हा ०.८ च्या वर हलत नाही. विंडोजवर पळत होता की!’

या तक्रारीवर शोध घेतला तर उत्तरांचा ढीग मिळतो. कुणी वेगाचं धोरण ठरवणारा ‘गव्हर्नर’ बदलायला सांगतो, कुणी कर्नलला बूट करताना एखादी सूचना द्यायला, कुणी थेट प्रोसेसरच्या रजिस्टरात हात घालायला. प्रत्येक उपाय कुणाला ना कुणाला लागू पडलेला असतो आणि गोंधळ तिथेच होतो. ‘बूस्ट मिळत नाही’, म्हणजे चिप मूळ वेगाच्या वर जात नाही, हे एका आजाराचं नाव नव्हे. निदान चार-पाच वेगवेगळ्या बिघाडांचं बाहेरून दिसणारं लक्षण सारखं असतं. बूस्टचा आकडा ही कंपनीची हमीही नाही. वरच्या वेगाला जाण्यासाठी चिप, बायोस, चार्जर, बॅटरी, कर्नल आणि पार्श्वभूमीला चालणारी एखादी सेवा, या सगळ्यांची संमती लागते आणि नकाराला एकटा पुरतो. त्यामुळे ‘बूस्ट चालू कसा करायचा’ याआधी ‘नाही कोण म्हणतंय’ हे विचारावं लागतं. हा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

बूस्ट मुळात आहे का, हे आधी बघायचं. हा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. इंटेलने टर्बो बूस्ट २००८ मध्ये पहिल्या कोअर आय-७ बरोबर आणला, एएमडीने २०१० मध्ये टर्बो कोअर. (त्याआधीच्या डबा-संगणकांवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं. ते मशीन पळवण्यासाठी नव्हतं, जुने खेळ नीट चालावेत म्हणून मशीन मंद करण्याची सोय त्यात होती.) पण हा लाभ सगळ्यांना मिळाला नाही. भारतात २०१७-१८ च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपांतून भरपूर खपलेल्या आय-३ ६००६यू या चिपला बूस्टच नाही. ती २ गिगाहर्ट्झवर सुरू होते आणि तिथेच संपते. आय-३ ५००५यू, आय-३ ७०२०यू यांचंही तसंच. लॅपटॉपच्या आय-३ ला टर्बो मिळाला तो २०१८ च्या ८१३०यू पासून. अशा मशीनवर बूस्ट चालू-बंद करणारी फाइल शोधत रात्र घालवलेले लोक आहेत. ती फाइल तिथे असली तरी उपयोग नसतो. कर्नलला टर्बो चालू करायला सांगितलं की तो नोंदवतो : टर्बो बायोसने बंद केलाय किंवा या प्रोसेसरवर उपलब्धच नाही. हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात असल्यामुळे चिपचा नेमका क्रमांक बघून खात्री करणं भाग पडतं.

दुसरी समजूत आकड्याची. आय-७ ८५५०यू वर ४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, पण ते एक-दोन कोअर कामात असतानाचं. चारही कोअर जुंपले की छत ३.७ वर येतं. म्हणजे सगळ्या कोअरवर भार टाकून ‘४ येत नाही’ म्हणणं ही तक्रार होत नाही. मूळ वेग १.८ असलेल्या चिपने चारही कोअरवर ३.७ गाठणं हेच मोठं काम आहे आणि ते ती फार वेळ करू शकत नाही. का करू शकत नाही, ते पुढे येईल.

आता मोजणी. इथे जितकी फसगत होते तितकी दुसरीकडे कुठेच होत नाही. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना प्रोसेसरची माहिती देणारी फाइल वाचली आणि ८०० मेगाहर्ट्झ दिसले, तर तो बिघाड नव्हे, शहाणपणा आहे. रिकामटेकड्या कोअरने वेग कमी ठेवलाच पाहिजे. वेग सांभाळणाऱ्या जुन्या एसीपीआय ड्रायव्हरवर चालणारं इंटेल मशीन बूस्टची पायरी ‘मूळ वेग अधिक एक’ अशी दाखवतं. २४०० मेगाहर्ट्झच्या चिपवर २४०१ दिसलं तर त्या एका जादा मेगाहर्ट्झमध्ये सगळा बूस्ट लपलेला असतो. एएमडीवर तोच ड्रायव्हर असेल तर कमाल वेग म्हणून मूळ वेगच दिसतो. रायझन ५ ५५००यू च्या मालकाला २.१ दिसतं, प्रत्यक्षात चिप ४ कडे जाऊन आलेली असते आणि मालक मात्र दुःखात.

खरा वेग कळतो तो चिपमधल्या दोन मोजकांवरून. एक प्रत्यक्ष वेगानुसार पुढे सरकतो, दुसरा ठरलेल्या मूळ वेगानुसार, आणि त्यांच्या गुणोत्तरातून काम करतानाचा सरासरी वेग निघतो. कर्नलच्या मूळ स्रोतासोबतच मिळणारं टर्बोस्टॅट हे साधन तेच करतं. त्यात कोअर किती टक्के वेळ कामात होता, कामात असताना त्याचा वेग किती होता, चिपचं तापमान किती आणि ती किती वॅट खातेय, हे एका ओळीत येतं. माझ्या मते या प्रश्नात दुसरं कुठलंही साधन नसलं तरी चालेल, हे हवंच. वेग, तापमान आणि वॅट एकत्र दिसल्याशिवाय निदान होत नाही. नुसता वेग सांगणारी रंगीत आलेखांची साधनं तक्रार ठळक करतात, कारण सांगत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. चार्जर लावायचा, एका कोअरला बांधून एक न संपणारं गणित चालवायचं आणि टर्बोस्टॅट बघायचं. मग सगळ्या कोअरवर तेच, निदान पाच मिनिटं. इथून वाटा फुटतात. वेग ४०० किंवा ८०० वर खिळून राहिला, तापमान पन्नाशीच्या आत, वॅट चार-पाच, तर ती एक गोष्ट. वेग आधी वर गेला आणि अर्ध्या मिनिटाने पडला, तर दुसरी. वेग मूळ आकड्यावर येऊन थांबला आणि वर जायचं नावच घेत नसेल, तर तिसरी.

पहिली गोष्ट सर्वांत भयंकर दिसते आणि सेकंडहँड बाजारात तीच सर्वांत जास्त भेटते. इंटेलच्या चिपला ‘मी तापलेय’ असं बाहेर सांगणारी एक तार असते, तिचं नाव प्रोकहॉट. ही तार दुतर्फा वापरता येते. मदरबोर्डवरचा दुसरा कुठलाही भागही तीच तार ओढून चिपला सांगू शकतो की मी संकटात आहे, तू हळू हो. चिप कारण विचारत नाही, सगळ्यात खालच्या वेगाला जाऊन बसते. ती तार ओढणारा बहुतेक वेळा वीजपुरवठ्याशी संबंधित असतो.

डेलच्या गोल पिनच्या चार्जरचं उदाहरण घ्या. त्या प्लगच्या मध्यभागी एक बारीक पिन असते आणि तिच्यातून चार्जरमधली एक छोटी चिप लॅपटॉपला आपली ओळख सांगते : मी अमुक वॅटचा. ती पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा चार्जर डुप्लिकेट निघाला, तर लॅपटॉप चालू होतो, पण चार्जर ओळखता येत नाही म्हणतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर मंद ठेवतो. कंपनीच्या स्वतःच्या मदत-पानांवरही हे वर्तन नोंदलेलं आहे. जुन्या लॅपटॉपबरोबर पिशवीत ‘कंपॅटिबल’ चार्जर येतो तेव्हा हे होणं अगदी स्वाभाविक. विंडोजवर तोच चार्जर लावला तरी वेग तेवढाच पडलेला असतो. ‘विंडोजवर पळत होता’ ही आठवण बऱ्याचदा जुन्या मालकाच्या मूळ चार्जरवरची असते आणि दोष विनाकारण लिनक्सच्या माथी बसतो. बायोसच्या सेटिंगमध्ये चार्जर किती वॅटचा ओळखला गेला ते दिसतं. तिथे ‘अज्ञात’ असेल तर कर्नलची एकही फाइल उघडायची गरज नाही.

टाइप-सी चार्जिंग आल्यापासून या प्रकाराला नवी धार आली आहे. प्लग सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे मोबाइलचा २५ किंवा ३३ वॅटचा चार्जर लॅपटॉपला सहज लागतो. लॅपटॉपला ६५ वॅट हवे असतात, म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. आणि ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्येही ओळख सांगणारी चिप असावी लागते. म्हणजे चार्जर ६५ चा खरा असूनही साध्या केबलवर ६० वॅटला गाडी अडते. बहुतेकांना तेवढ्याने फरक पडत नाही, पण काही बायोस ‘पुरेसा चार्जर नाही’ असं ठरवून प्रोसेसरची मर्यादा आवळतात. केबल बदलून बघणं हा उपाय सांगायला फार बाळबोध वाटतो, म्हणून कुणी सांगत नाही.

उन्हाळ्यात सगळा दोष ‘व्होल्टेज’वर टाकण्याची आपली सवयही इथे तपासून घ्यावी. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. संध्याकाळी दिवे मंदावले म्हणून २३० चे १९० झाले तरी चार्जरला फरक पडत नाही आणि प्रोसेसरपर्यंत तर त्याची झळ पोचतही नाही. बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी. बूस्ट म्हणजे क्षणभराची मोठी उचल, आणि म्हाताऱ्या बॅटरीला ती झेपत नाही. व्होल्टेज एकदम खाली गेलं तर मशीन बंद पडेल म्हणून फर्मवेअर आधीच वेग कापतं. पावसाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीवर मशीन मंद झालं तर त्यात गूढ काही नाही. बॅटरी काढूनच टाकलेल्या काही मशीनांवर चार्जर असूनही वेग अडतो, कारण चार्जरच्या ताकदीबाहेरची उचल बॅटरीकडून घ्यायची अशीच रचना असते.

प्रोकहॉटची ही बाहेरून येणारी हाक प्रोसेसरच्या एका रजिस्टरातला एक बिट बदलून बहिरी करता येते. इंटरनेटवर हा उपाय ‘एका ओळीत इलाज’ म्हणून फिरतो आणि लगेच काम करतो, म्हणून लोकप्रिय आहे. माझं मत स्पष्ट आहे : तार कोण ओढतंय हे कळल्याशिवाय ती कापू नये. ४५ वॅटच्या चार्जरवर ६५ वॅटची भूक मोकळी सोडली तर चार्जर तापतो किंवा मशीन ऐन कामात बंद पडतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या काठी ओली झालेली यंत्रं दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आली असतील, तर त्यांच्या बोर्डवर गंजलेला एखादा सेन्सर कायम ओरडत असणं अगदी शक्य आहे. असा सेन्सर मेलाय हे चांगल्या कारागिराने मीटर लावून सांगितलं, तर तो बिट बदलणं रास्त. नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट, वर जाऊन पडणारा वेग. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजपासून चिपच्या वीजवापराचा हिशेब चिपमध्येच ठेवायला सुरुवात केली. दोन मर्यादा असतात. एक कायमची, साधारण चिपवर लिहिलेल्या वॅटइतकी, आठव्या पिढीच्या यू मालिकेत १५. दुसरी थोड्या वेळाची, तिच्याहून बरीच वर. चिप वरच्या मर्यादेपर्यंत खुशाल जाते, मात्र ठरावीक काळाची सरासरी कायमच्या मर्यादेत बसली पाहिजे. हा काळ बऱ्याच मशीनांवर २८ सेकंदांच्या आसपास ठेवलेला असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत इंडक्शन फर्नेस चालवणाऱ्याला हे नव्याने शिकवावं लागणार नाही. महावितरणचं मीटरही मागणी क्षणाक्षणाला पकडत नाही, ठरलेल्या मिनिटांची सरासरी बघतं, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड ओलांडली की बिलात दिसतं. फरक इतकाच की चिप दंड करत नाही, भट्टीच उतरवते.

म्हणजे अर्ध्या मिनिटाने वेग पडणं ही बहुतेकदा ठरवून दिलेली वागणूक असते. ब्राउझर उघडणं, फाइल वाचणं, छोटा प्रोग्राम बांधणं ही कामं तेवढ्यात आटोपतात आणि बूस्ट त्यांच्यासाठीच आहे. फौंड्रीतल्या साच्यात धातू कसा भरतो याचं ओपनफोमवर तासन् तास चालणारं गणित करायचं असेल, तर डब्यावरचा आकडा विसरून १५ वॅटमध्ये चारही कोअर कितीवर टिकतात तेवढंच बघावं. मुक्त सॉफ्टवेअरवर असं काम शिकवणारा आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही मिळतात. ते बघून प्रकल्प हाती घेणाऱ्या मुलांनी लॅपटॉप निवडताना बूस्टपेक्षा चिपच्या नावामागचं अक्षर आणि पंखा बघितलेला बरा. एच मालिकेची जुनी चिप यू मालिकेच्या नव्या चिपला लांबच्या कामात मागे टाकू शकते.

पण इथे लिनक्सचा खरा दोषही नोंदवला पाहिजे. विंडोजवर उष्णता आणि वीज यांच्या मर्यादा परिस्थितीप्रमाणे बदलणारी इंटेलची एक व्यवस्था लॅपटॉप कंपन्या वापरतात. लिनक्सवर तिचा जोडीदार बराच काळ नव्हता, त्यामुळे फर्मवेअर आपल्या भित्र्या मूळ मर्यादांवरच राहायचं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१८ च्या थिंकपॅडांचं. टी४८०, टी४८०एस आणि एक्स१ कार्बनची सहावी पिढी लिनक्सवर ८० अंशांच्या आसपासच माघार घेत, विंडोजवर तेच मशीन त्याहून पुष्कळ वर जाई. वापरकर्त्यांनी मर्यादा वाढवल्या की काही सेकंदांत बोर्डवरचा नियंत्रक त्या पुन्हा खाली आणायचा. त्यावर ‘थ्रॉटल्ड’ नावाचं एक छोटं साधन तयार झालं. ते दर काही सेकंदांनी मर्यादा पुन्हा वर नेत राहतं, म्हणजे नियंत्रक आणि साधन यांची कायमची ओढाताण. थिंकपॅडच्या कंपनीने पुढे फर्मवेअर दुरुस्त्या दिल्या. आज सेकंडहँड बाजारात याच पिढीचे थिंकपॅड मिळतात आणि पुष्कळांवर जुनाच बायोस असतो. त्यामुळे साधन बसवण्याआधी बायोस अद्ययावत करणं हेच योग्य. फर्मवेअर अपडेट सेवेतून लिनक्सवरूनही ते होतं.

इंटेलची थर्मलडी ही सेवाही याच पोकळीत आली. २०२० मध्ये मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजच्या त्या व्यवस्थेचे तक्ते उकलून दाखवले. त्यानंतर लॅपटॉप कंपनीने फर्मवेअरमध्ये भरलेली माहिती वाचून थर्मलडी तसं वागू लागली. काही मशीनांवर तिच्यामुळे वेग वाढतो, काहींवर कमी होतो, आणि दोन्ही वेळा ती आपलं कामच करत असते. मर्यादा हाताने वाढवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. या मर्यादा चिपमध्ये दोन ठिकाणी लिहिलेल्या असू शकतात आणि त्यातली कमी असलेली लागू होते. एकीकडे ४४ वॅट लिहून दुसरीकडे १५ राहिले, तर तुम्ही काहीच केलेलं नाही.

वेग पडण्याचं उरलेलं कारण साधी उष्णता, आणि तिथे कोल्हापूरचा स्वतःचा वाटा आहे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. खोलीत २५ अंश असतील तर पंख्याला खेळायला ७५ अंशांचा फरक मिळतो. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असेल तर ६२ उरतात. उष्णता बाहेर टाकण्याची ताकद या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे थंड खोलीत १८ वॅट झेपवणारी तीच रचना एप्रिलमध्ये १५ च्या जवळ येते. मशीन जुलैत बरं वागतं आणि मे महिन्यात बिघडतं, यात एवढं तर सरळ गणितच आहे. त्यात धुळीची भर. फौंड्री पट्ट्यातली काळी धूळ म्हणजे वाळू आणि कोळशाची पूड. ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणातून उडणारी चिपाडाची काजळी तर गावागावांत अंगणात पडते. पंख्याच्या मागच्या बारीक पात्यांत ही धूळ नमद्यासारखी बसली की पंखा ओरडतो, हवा बाहेर येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मशीनची थर्मल पेस्टही वाळलेली असते. कर्नलमध्ये प्रत्येक कोअर किती वेळा तापून हळू झाला याची मोजणी ठेवलेली असते. काम सुरू होताच ती भराभर वाढत असेल, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. बाजारात या कामाला ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात आणि नवीन रॅम टाकण्याआधी हे करून घेणाऱ्याचे पैसे वाया जात नाहीत.

तिसरी गोष्ट, वेग मूळ आकड्यावरच थांबणं, ही मात्र खरोखर सॉफ्टवेअरची असते आणि म्हणून लवकर सुटते. इंटेलवर ‘नो टर्बो’ नावाची एक फाइल असते. तिच्यात १ असेल तर बूस्ट बंद. नाव नकारार्थी असल्याने ० म्हणजे चालू, आणि इथे चुकणाऱ्यांची संख्या कमी नाही. ही फाइल तुम्ही बदलली नसेल तर कोणी बदलली? टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक, पॉवर प्रोफाइल्स डेमन किंवा ट्यून्ड. ही सगळी वीज वाचवणारी साधनं एकाच दोरीला हात घालतात. उबंटू २२.०४ मध्ये पॉवर प्रोफाइल्स डेमन मुळातच आहे, फेडोराने २०२४ च्या ४१ व्या आवृत्तीत त्याच्या जागी ट्यून्ड आणलं. त्यावर कुणाचं तरी ऐकून टीएलपी बसवलं, आणखी कुणाचं ऐकून ऑटो-सीपीयूफ्रेक, की मग वेग कोण ठरवतो हे कुणालाच सांगता येत नाही. एक ठेवा, बाकीची काढा. कुठलं ठेवायचं यावर भांडणं चालू असतात, ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाहीत.

पॉवर प्रोफाइल्स डेमनने ‘परफॉर्मन्स’ मोड दिला तरी त्याखाली ‘मांडीवर आहे’ असा शेरा येऊ शकतो. काही थिंकपॅडांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. मशीन मांडीवर आहे असं वाटलं की चटका बसू नये म्हणून ते वीज कमी करतं. लिनक्सला हे २०२०-२१ पासून कळू लागलं. गादीवर बसून काम करणाऱ्यांनी एकदा टेबलावर ठेवून बघावं.

गव्हर्नरविषयी दोनच गोष्टी. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे सर्वांत खालचा वेग असा अर्थ नाही. तो गरजेप्रमाणे बूस्टपर्यंत जातो, म्हणून ते नाव बघून घाबरू नये आणि दिवसभर ‘परफॉर्मन्स’ लावून चार्ज संपवू नये. एएमडीच्या नव्या मशीनांसाठी २०२२ मध्ये आलेला वेगळा ड्रायव्हर २०२३ च्या ६.५ कर्नलपासून बहुतेक ठिकाणी आपोआप लागतो. तो लागत नसेल तर बायोसमधली सीपीपीसी ही सोय बंद आहे का ते बघावं आणि कर्नल फार जुना असेल तर नवा घ्यावा.

उरतो तो सर्वांत आकर्षक आणि आता जवळजवळ बंद झालेला मार्ग : चिपला थोडं कमी व्होल्टेज देऊन तेवढ्याच वॅटमध्ये जास्त वेग काढणं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज मुद्दाम घसरवून चिपमधली सुरक्षित गणितं चुकवता येतात, हे तिने दाखवलं. त्यानंतरच्या बायोस अपडेटनी बहुतेक ठिकाणी हे दार लावून घेतलं. जुना बायोस मुद्दाम ठेवून हे करणारे आहेत. पण मग वर सांगितलेल्या फर्मवेअर दुरुस्त्याही मिळत नाहीत. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंचा कर्नलच स्वतःला कुलूप लावतो आणि रजिस्टरात लिहू देत नाही. सूचना बरोबर टाइप करूनही ‘परवानगी नाही’ येतं ते यामुळे.

हे सगळं तपासण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पैसे देण्याआधीची, दुकानाच्या काउंटरवरची. पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊन जावं. हार्डडिस्कला हात लागत नाही, त्यामुळे दुकानदाराचीही हरकत नसते. ‘दादा, मशीनबरोबर जो चार्जर देणार तोच लावा’ एवढं म्हणायचं, दुकानातला दुसरा नको. आधी बायोसमध्ये जाऊन चार्जरचे वॅट आणि बॅटरीची तब्येत बघायची. मग लाइव्ह लिनक्स सुरू करून जितके कोअर तितक्या टर्मिनलांत शून्यांच्या प्रवाहाचा चेकसम काढायला लावायचा. यासाठी काहीही बसवावं लागत नाही. प्रोसेसरच्या फाइलमधला वेग दर सेकंदाला बघत राहायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो डब्यावरच्या आकड्याच्या जवळ गेला पाहिजे. नंतर पडला तरी चिपच्या मूळ वेगाच्या वर टिकला, की मशीन चांगलं. ४०० किंवा ८०० वर अडला तर दुसरा चार्जर मागायचा आणि तरी अडला तर दुसरं मशीन. तापून हळू होण्याची मोजणी पाच मिनिटांत हजारांवर गेली तर भावात सर्व्हिसिंगचे पैसे कमी करून मागायचे. आणि दुकानदार म्हणाला, ‘भावा, हे लिनक्समुळं होतंय, विंडोजवर बघ,’ तर विंडोजवरही त्याच चार्जरने, तेवढाच वेळ, तेच बघायचं.